यिर्मयाला हिरामण म्हणू नका

यिर्मयाची आई

माझा मुलगा तिसरीत आहे. नाव यिर्मया. पहिलीत हजेरीपटावर त्याचं 'इर्मया' झालं, दुसरीत 'हिरमया'. या जानेवारीत गॅदरिंगला धावण्याचं बक्षीस देताना माईकवरून नाव पुकारलं, 'हिरामण'. तो उठलाच नाही. शेजारच्या पोरानं कोपरानं ढोसलं तेव्हा गेला. प्रमाणपत्रावरही हिरामणच. परवा सोसायटीत नवीन मुलगा राहायला आला, त्याला यानं स्वतःचं नाव 'जेरी' सांगितलं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हातातला चिमटा हातातच राहिला.

हे नाव सासूबाईंनी ठेवलंय. सातव्या महिन्यात माझं फार नाजूक झालं होतं. त्या रोज संध्याकाळी उशाशी बसून बायबलातल्या यिर्मयाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं पाचवं वचन म्हणायच्या. तुला गर्भात घडवण्याआधीच मी तुला ओळखत होतो, असं देव त्यात संदेष्ट्याला सांगतो. मूल सुखरूप झालं आणि नाव ठरलं. नगरकडच्या आमच्या मंडळीत यशया, नहेम्या, शमुवेल, एस्तेर ही नावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हृषीकेश बिनचूक लिहिणाऱ्यांना तीन अक्षरांचं यिर्मया का जड जावं? एकदा पोराला विचारा तरी, बाळा, तुझं नाव कसं म्हणायचं?

झेडपी मास्तर

ताई, मुलासाठी वाईट वाटलं. प्रमाणपत्र तर बदलून द्यायलाच हवं. पण आमचीही बाजू ऐका. माझ्या वर्गात एक मुलगी होती. जन्मदाखल्यावर रिबका, आधारवर रेबेका, आई दारात सोडताना हाक मारायची रिबू. मी कोणतं लिहायचं? आधारशी नाव जुळलं नाही की ऑनलाइन नोंद अडकते आणि बोलणी आम्हाला बसतात. तुम्ही स्वतः इंग्रजीत काय लिहिलंय? 'जेरेमाया' लिहून मराठीत 'यिर्मया' म्हणत असाल, तर निम्मा घोळ घरातलाच आहे.

यिर्मयाची आई

नाही सर. इंग्रजीतही वायपासूनच आहे, सगळ्या कागदांवर एकच. मूळ हिब्रूत यिर्मयाहू आहे. म्हणजे आमच्या मराठी बायबलातलं रूप जेरेमायापेक्षा मुळाला जवळचं. 'नीट इंग्रजी नाव ठेवायचं ना' असं तोंडावर सांगणाऱ्यांना मी हेच सांगते.

रेवदंडेकर

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी. मला हा राग पटत नाही. आमच्या पूर्वजांची नावं कोकणात तेल गाळता गाळता कोकणी झाली. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकरांनी. मशीद बंदर हे नाव त्या सिनेगॉगवरूनच पडलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. नाव बदललं म्हणून त्यांचा शब्बाथ, शनिवारचा पवित्र दिवस, चुकला का? माझे आजोबा प्रार्थनेला इसहाक आणि आळीत इसाजी. गोव्यात जुआंव म्हणतात तोही योहानच, आणि सांजांवच्या सणाला विहिरीत उड्या मारतात त्या त्याच्याच नावानं. जिभेवर रुळलं की नाव त्या मातीचं होतं. होऊ द्या.

निवृत्त पाळक

मी तर म्हणतो, हिब्रू नावाचा आग्रहच कशाला? कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, नाव तेच ठेवलं. ख्रिस्ती झालेले लेखक बाबा पदमनजी यांनीही ठेवलं. माझ्या नातवंडांची नावं प्रकाश आणि करुणा आहेत. त्यांना कुणी दोनदा नाव विचारत नाही.

यिर्मयाची आई

पाळकसाहेब, नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ साली ख्रिस्ती होऊन नहेम्या झाले, तेही आपलेच ना? दोन्ही वाटा आपल्याच आहेत. आणि कुणी दोनदा विचारू नये म्हणून नाव ठेवायचं, हे माझ्या मनाला फार लागलं.

रेवदंडेकरदादा, सामाजी हे नाव तुमच्या माणसांनी मायेनं हाका मारून घडवलं. सामाजी म्हटलं की सामाजी वळून बघायचे. हिरामण म्हटल्यावर माझा मुलगा बसून राहिला, कारण ते नाव त्याचं नव्हतंच. सासूबाई त्याला 'यिऱ्या' म्हणतात, त्याची मला कधी तक्रार नाही.

रेवदंडेकर

हा फरक खरा आहे, मानतो. तरी तो मोठा होईपर्यंत लोक दहा प्रकारे म्हणणारच, आणि प्रत्येक वेळी तुम्हाला दुखलं तर त्यालाही दुखायला लागेल. जेरी तो तिथूनच म्हणत असावा. जरा तपासा.

झेडपी मास्तर

ताई, शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची मूळ नोंदवही, स्वतः डोळ्यांनी बघून या. दहावीच्या फॉर्मवर तिथलंच नाव जातं, आणि एकदा शाळा सोडली की दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. जन्मदाखला जोडून आत्ताच लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

माझ्याकडे यंदा पहिलीत एक हबक्कूक आलाय. 'ब'वर जोर द्यायचा की 'क'वर?

यिर्मयाची आई

दोन्हीवर, सर. हबक्‌-कूक. पण त्यालाच विचारा. त्याच्या घरी कसं म्हणतात ते तो सांगेल.