नेटवरून शोधायला सांगितलं की मुलं नुसती उतरवून काढतात, काय करावं?

सातवीच्या बाई: मुलांना लोणार सरोवराची माहिती नेटवरून काढा म्हटलं तर ३८ वह्यांमध्ये तोच विकिपीडियाचा परिच्छेद, एकीने तर कंसातले १, २ आकडेपण उतरवलेत. वर्गात फोन ३च आहेत. खरंच शोध घेतील असा उपक्रम कसा बनवायचा?

विज्ञानवाला: बाई, माहिती काढा हा प्रश्नच नाही हो, त्याचं उत्तर आयतं पडलेलं असतं. लोणारचं पाणी जून २०२० मध्ये अचानक गुलाबी का झालं, हे विचारा. नासाच्या साईटवर २५ मे आणि १० जूनचे उपग्रहाचे फोटो आहेत, आधी हिरवं मग गुलाबी, ते शेजारी शेजारी दाखवा आणि नेट उघडायच्या आधी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्या. मग पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव हे कारण सांगितलं, तिथवर त्यांचं त्यांना पोचू द्या, आपण मधे बोलायचं नाही, जड जातं पण जमतं.

डीएडवाली: याला वेबक्वेस्ट म्हणतात, बर्नी डॉज या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी १९९५ मध्ये सॅन डिएगोला मांडलं. लिंका आपणच ४-५ निवडून द्यायच्या, म्हणजे तास गुगलमध्ये जात नाही. ३ फोन म्हणजे ३ गट, प्रत्येकाला एकेक भूमिका, एक पाणी तपासणारा, एक गावकरी, एक वनखातं. शेवटी निबंध नको, गावकऱ्यांना पत्र लिहायला लावा.

सातवीच्या बाई: पत्राचं फार आवडलं! सोमवारीच घेते.