४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे की नाही? प्रोग्राम हो म्हणतो, भागाकार नाही म्हणतो. मदत हवी आहे

मंडळी, दोन दिवस डोक्याचा भुगा झालाय, जाणकारांनी बघा जरा. संख्या मूळ आहे का ते तपासायचा छोटा प्रोग्राम लिहितोय. एकेक भाजक लावत बसायचा कंटाळा, म्हणून फर्माच्या छोट्या प्रमेयाची चाळणी लावली, म्हणजे तपासायची संख्या न धरली तर २ चा (न−१) वा घात घ्यायचा, न ने भागायचं आणि बाकी १ आली की मूळ. ३ पासून शंभरपर्यंत सगळं बरोबर आलं, मग हौसेने २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजेच ही ४२९४९६७२९७, टाकली (आधी ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेली तर तिची नुसती १ झाली, तो घोळ निस्तरला). बाकी बरोब्बर १! खुश. मग उगाच साधे भागाकार चालवले तर ६४१ ला चक्क पूर्ण भाग गेला. विश्वास बसेना म्हणून कागदावर केला, ४२९४ मध्ये सहा वेळा, उरले ४४८, असं करत शेवटी ४४८७ राहिले, ते बरोबर सातदा, खाली शून्य. उत्तर ६७००४१७. आता चुकलंय कोण, मी, प्रोग्राम की प्रमेय?

प्रतिसाद १
प्रमेय बरोबरच आहे, तुम्ही ते उलटं वाचलंत. मूळ विषम संख्या असेल तर बाकी १ येते, पण बाकी १ आली म्हणून मूळ असं ते म्हणतच नाही. ३४१ टाकून बघा, ११ गुणिले ३१ आहे तरी पास होते.
तुमच्या संख्येला २ ची चाळणी लावणं म्हणजे तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. २ चा ३२ वा घात तिच्याहून फक्त १ ने कमी, म्हणजे बाकी −१ धरा, वर्ग केला की ६४ व्या घाताला बाकी १. आणि तुमचा घातांक न−१ म्हणजे खुद्द २ चा ३२ वा घात, त्याला ६४ ने भाग जातोच. नापास होणार कशी? २ च्या जागी ३ घ्या.
वाईट वाटून घेऊ नका, ३, ५, १७, २५७, ६५५३७ (२ चे १, २, ४, ८, १६ वे घात अधिक १) या मूळ बघून फर्मालाही पुढची, म्हणजे तुमची, मूळच वाटली होती, ६४१ हा तिचा भाजक गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये काढला.

प्रतिसाद २
आणि भाजक शोधायचेच तर ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या ६५४२ मूळ संख्या कशाला, हिचा कुठलाही मूळ भाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचव्यालाच ६४१.

धागाकर्ता
३ घेतल्यावर बाकी १ आली नाही, पकडली गेली!! धन्यवाद दोघांना. मग ६७००४१७ लाही तोच ६४ वाला नियम चालेल ना? वर्गमूळ २५८८ च्या आसपास येतंय.

प्रतिसाद २
चालेल की, ६७००४१७ चे भाजक ते ४२९४९६७२९७ चेही भाजक. पण काही सापडणार नाही, ती मूळ आहे.