वारीच्या वाटेवरची सेवा : तुमचे अनुभव लिहा

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबारायांची पालखी निघते आणि अष्टमीला आळंदीतून माउलींची. वारी चालणाऱ्यांचं लिखाण पुष्कळ वाचायला मिळतं. पण पाणी देणारे, भाकरी करणारे, पाय चेपणारे, तुटलेली चप्पल शिवून देणारे, दाढी करणारे फारसे लिहीत नाहीत. या धाग्यावर त्यांनी लिहावं. तुम्ही सेवा केली असेल किंवा कुणाची घेतली असेल, दोन्ही सांगा.

सुरुवात मीच करते. आमचं माहेर पुण्यात नाना पेठेत. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. ते दोन दिवस आमच्या वाड्याचं दार मिटत नसे. आमची आजी एरवी सोवळ्याची फार कडक, पण तेव्हा ओसरीवर कोण कुठल्या गावचं, कुठल्या जातीचं, हे तिने कधी विचारलं नाही. बंब पहाटे तीनला पेटायचा. निघताना वारकरी बायका तिच्या पाया पडायच्या आणि ती त्यांच्या. कोण आधी वाकतंय यावरून रीतसर ओढाताण व्हायची. मोठेपणी कुणाला काही देताना माझा हात वर राहतोय असं वाटलं, की मला ती ओढाताण आठवते.

यवतहून

आमच्या गावचं पिठलं-भाकरी सगळ्यांना माहीत आहे. पिठलं देवळाकडे मोठाल्या कढयांत होतं, भाकऱ्या घराघरातून जातात. आमच्या घरच्या शंभरेक तरी असतात. आई पहाटेपासून चुलीपुढे. २०२० साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या दिवशी आईने परात काढली, पीठ घेतलं आणि नुसती बसून राहिली. शेवटी पाच भाकऱ्या थापल्या आणि विठ्ठलाच्या तसबिरीपुढे ठेवल्या. तिला एवढी गप्प मी कधीच पाहिली नव्हती.

सासवडचा मुक्काम

मी नर्सिंगला होते तेव्हाची गोष्ट. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट. संध्याकाळी आमच्या मांडवात पायच पाय. भेगा, चिखल्या, फोड. फोडाची कातडी काढायची नाही, कडेला निर्जंतुक सुईने टोचायचं, पाणी निघू द्यायचं, औषध लावून पट्टी बांधायची. दहा पाय झाले की हाताला लय येते.

एक आजी आल्या. डाव्या टाचेवर रुपयाएवढा फोड, तोही फुटलेला, आत वाळू गेलेली. पण पाय पुढे करीनात. म्हणाल्या, "माउली, तुम्ही पायाला हात नका लावू, पाप लागंल मला." मी म्हटलं, "आजी, तुम्ही मला माउली म्हणता, मग माउलीचं ऐका." तेव्हा कुठे पाय दिला. सलाइनच्या पाण्याने जखम धुताना वाळू सुटत होती, त्यांना झोंबत असणार, पण तोंडाने हरिपाठ चालूच. पट्टी झाली तशा वाकल्या आणि माझ्या हातांवर डोकं टेकलं. माझ्या हातमोज्यांना रक्त आणि माती होती. मला "नको" म्हणायलाही सुचलं नाही. आज पंधरा वर्षं वॉर्डात काम करतेय. पेशंटच्या पायाला हात लावताना तो कपाळाचा भार अजून हाताला जाणवतो.

लोणंद, दिंडीत चालणारा

मी सेवा घेणारा. पहिल्याच वारीत माझी पिशवी हरवली. पैसे, आधार कार्ड, बीपीच्या गोळ्या, सगळं त्यात. रात्री समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात. चोपदारांनी चोप उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचेच टाळ वाजत राहतात, मग चोपदार तिकडे जाऊन विचारतात. पुढे हरवलं-सापडलं पुकारतात. त्यात माझी पिशवी निघाली! घेऊन आलेला माणूस पिशवी हातात देऊन, पाया पडून गर्दीत गेला. चेहरासुद्धा नीट पाहता आला नाही. गोळ्यांच्या पाकिटाला त्याने वरून प्लास्टिक गुंडाळलं होतं, पाऊस होता म्हणून.

काटेवाडी

आम्ही परीट. तुकोबांची पालखी आमच्या गावात येते तेव्हा आमच्या समाजाकडून धोतरांच्या पायघड्या असतात. मग रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. टीव्हीवर तेच दाखवतात, ते देखणं असतंच. मला आवडतं ते त्याआधीचं. वडील आठ दिवस आधी धोतरं काढायचे, धुवायचे, उन्हात वाळवायचे, घडीवर घडी बसवायचे. तेवढे आठ दिवस मोठ्याने बोलायचे नाहीत. ते गेले त्या वर्षी मी घडी घातली, तर आईने उलगडून परत घालायला लावली. पालखी पुढे गेली की धोतरं घरी येतात, चिखलाने भरलेली, पावलं उमटलेली. आई ती भिजत घालायच्या आधी एकेक कपाळाला लावते.