मदत हवी आहे: गिल स्कॉट-हेरनबद्दल मराठीत काही आहे का?

मंडळी, आमच्या कविता कट्ट्यावर पुढच्या महिन्यात मला गिल स्कॉट-हेरन या अमेरिकन कवी-गायकावर पंधरा मिनिटं बोलायचंय आणि मटेरियल एवढं झालंय की काय ठेवू काय काढू कळत नाहीये. १९४९ला शिकागोत जन्म, लहानपण टेनेसीत आजीकडे, आणि वडील जमैकाचे फुटबॉलर, स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून खेळलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू (यावर वेगळाच कार्यक्रम होईल खरंतर). १९७०च्या पहिल्या रेकॉर्डवर बऱ्याच ठिकाणी नुसता कोंगा (हाताने वाजवायचा उभा ढोल) वाजतोय आणि हा बोलतोय, ते ऐकलं की रॅप कुठून आलं ते आपोआप कळतं, पण त्याला स्वतःला 'रॅपचा गॉडफादर' म्हटलेलं काही रुचायचं नाही.

तर, मराठीत त्याच्यावर कुणी लिहिलंय का? २०१२ला, म्हणजे तो गेल्यावर काही महिन्यांनी आलेलं 'द लास्ट हॉलिडे' हे आत्मकथन पुण्यात कुणाकडे वाचायला मिळेल का? आणि ड्रग्ज, जेल हा भाग किती सांगावा? मला वाटतं थोडक्यात उरकावा, नाहीतर लोकं तेवढंच लक्षात ठेवतात. त्याचा साथीदार संगीतकार ब्रायन जॅक्सन, त्याच्यासोबतचं एखादंच गाणं वाजवायचं तर कुठलं, तेही सुचवा प्लीज.