मदत हवी आहे: घरोघरी सर्वेक्षण करणारीला इंग्रजीत काय लिहायचं?

धाकट्या बहिणीचा इंग्रजी बायोडाटा करतोय. तिनं खानापूर तालुक्यात घरोघरी जाऊन, मराठी-कन्नड दोन्हींत विचारून आरोग्याच्या प्रश्नावल्या भरून घेतल्यात. ‘सर्व्हेअर’ लिहिलं तर आपल्याकडे जमीन मोजणाराच समजतात. ‘एन्युमरेटर’ म्हटलं की जनगणनेचा प्रगणक. हिनं नुसती माणसं मोजली नाहीत, सविस्तर मुलाखती घेतल्या. काही सर्वेक्षणांत ‘फील्ड इन्व्हेस्टिगेटर’ म्हणतात. मला तेच जवळचं वाटतं, पण त्यात पोलिसी तपासाचा वास येतो. अनुभवपत्रावर हुद्दाच नाही, म्हणून शब्द आम्हालाच ठरवायचाय. भारदस्त नको, काम खरं सांगणारा हवा. अर्ज बेळगावातल्या संस्थेत जाणार आहे. या कामातल्यांनी कृपया सांगा, ‘फील्ड इन्व्हेस्टिगेटर’ लिहावं की ‘सर्व्हे इंटरव्ह्यूअर’?