सुनील छेत्रीचे भारतासाठी ९५ गोल: आकडा फुगलेला आहे की आपणच त्याला कमी लेखतो?

मिडफिल्ड_पुणे यांचा प्रश्न:

मंडळी, आमच्या टर्फवरच्या ग्रुपमध्ये छेत्रीवरून दर महिन्याला एकदा तरी जुंपते. अर्ध्या लोकांचं म्हणणं की तो देशासाठी सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये मेस्सी आणि रोनाल्डोच्या यादीत बसतो म्हणजे विषय संपला, उरलेले म्हणतात नेपाळ मालदीवला गोल मारून कोणी मोठा होत नाही, युरोपात गेला तेव्हा काय झालं ते बघा. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. पण मी स्वतः भारतीय फुटबॉल बघायला लागलो आयएसएल (इंडियन सुपर लीग) आल्यावर, म्हणजे २०१४ नंतर, त्यामुळे त्याआधीचा छेत्री मी पाहिलेलाच नाही आणि त्यावर बोलायला माझ्याकडे काही नाही.

म्हणून जुन्या बघणाऱ्यांना विचारतो. तो बाहेर का टिकला नाही? क्लबसाठी खेळणारा छेत्री आणि भारतासाठी खेळणारा छेत्री यात फरक होता का, कारण मला त्याच्या क्लबच्या, बेंगळुरू एफसीच्या मॅचमध्ये तो बऱ्याचदा डावीकडे विंगला दिसायचा आणि इंडियासाठी एकदम मध्ये. आणि २०२४ ला भारताच्या टीमचा निरोप घेतल्यावर २०२५ मध्ये परत आणला ते बरोबर होतं का? नुसते आकडे नकोत, ते कुठेही मिळतात. बघितलेलं सांगा.

फातोर्डा_ईस्ट_स्टँड

बाहेर का टिकला नाही याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या तिन्हींचा मिळून एक गोळा करतात, तिथेच घोळ होतो.

पहिली २००९ ची. इंग्लंडमधल्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं. वर्क परमिट नाकारलं गेलं कारण भारत फिफा रँकिंगमध्ये पहिल्या ७० मध्ये नव्हता. म्हणजे त्याचा खेळ कोणी नाकारला नाही, त्याच्या देशाचं रँकिंग नाकारलं. त्यानंतर तो आमच्याकडे गोव्यात आला, डेम्पो क्लबमध्ये. ती डेम्पोची टीम म्हणजे काय सांगू, आर्मांदो कोलासो कोच, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, पुढे रँटी मार्टिन्स. त्या सिझनची आयलीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य लीग, डेम्पोनेच घेतली. तेव्हा छेत्री दिसायला किरकोळ पोरगा, उंची पाच फूट सात इंच, पण बॉक्समध्ये क्रॉस यायच्या आधी त्याचं पहिलं पाऊल पडलेलं असायचं. डिफेंडर बॉलकडे बघत असतो आणि हा रिकाम्या जागेकडे. एवढ्याशा उंचीवर त्याने आयुष्यभर हेडरने गोल केले ते यामुळेच, उडी सगळेच मारतात.

दुसरी कॅन्सस सिटी क्लबची, २०१०. अमेरिकेत लीगची एकही मॅच मिळाली नाही, यूएस ओपन कपमध्ये खेळला तेवढंच. आणि त्याच काळात भारताचे तेव्हाचे कोच बॉब हाउटन यांनी २०११ च्या एशियन कपसाठी नॅशनल टीमचा लांबलचक कॅम्प लावलेला होता, छेत्री त्या कॅम्पला गेला. देश निवडला असं म्हणा हवं तर. तिसरी पोर्तुगालची, २०१२ मध्ये स्पोर्टिंग लिस्बनची बी टीम, तिथे मोजक्या मॅच मिळाल्या आणि २०१३ च्या सुरुवातीला लोनवर पुन्हा गोव्यात, चर्चिल ब्रदर्सकडे. आणि चर्चिलने ती आयलीग जिंकली.

मला विचाराल तर वयाचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. पोर्तुगालला गेला तेव्हा तो २८ चा होता. त्या बी टीम १९-२० वर्षांच्या पोरांना तयार करायला असतात, २८ वर्षांच्या परदेशी माणसाला तिथे कोण का वाढवेल? सतराव्या अठराव्या वर्षी कुठल्या ॲकॅडमीत गेला असता तर गोष्ट वेगळी असती, पण २००२ मध्ये मोहन बागानला घेतला गेला तेव्हा भारतातल्या पोराला दुसरा रस्ताच नव्हता.

अंधेरी_लोकल

मी आकड्यांवर नाही बोलणार, २०१८ च्या जूनवर बोलणार, कारण ते आमच्या अंधेरीत झालं आणि मी स्टँडमध्ये होतो.

इंटरकॉन्टिनेंटल कपची पहिली मॅच, चायनीज तैपेई, भारत ५-० जिंकला, छेत्रीची हॅटट्रिक, आणि अधिकृत प्रेक्षक २५६९. मुंबईसारख्या शहरात! दुसऱ्या दिवशी त्याने तो व्हिडिओ टाकला, शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या. देशाचा कॅप्टन हात जोडून सांगतोय ते बघून मला अक्षरशः लाज वाटली होती. मग ४ जूनला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच, तिकिटं संपलेली, धो धो पाऊस, बॉल पाण्यात अडकतोय, आणि तरी लोक शेवटपर्यंत उभे. ३-० जिंकलो, त्यात दोन त्याचे. फायनलला परत केनिया, २-०, दोन्ही त्याचेच, आणि ६४ गोलवर तेव्हाच्या मेस्सीची बरोबरी.

आणि पुणेकर, तुमच्यासाठी खास, त्याच्या भारतासाठी चार हॅटट्रिक आहेत त्यातल्या दोन महाराष्ट्रात झाल्यात. एक ही अंधेरीची, दुसरी तुमच्या बालेवाडीला २०१० मध्ये व्हिएतनामविरुद्ध, ३-१. उरलेल्या दोन म्हणजे २००८ ला दिल्लीत ताजिकिस्तान आणि २०२३ ला बेंगळुरूत पाकिस्तान. बालेवाडीची कोणाच्या लक्षात पण नसते.

सरळ_बोलतो

मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका.

छेत्री चांगला होता, मेहनती होता, शिस्तीचा होता, सगळं मान्य. पण मेस्सी रोनाल्डोबरोबर एका वाक्यात नाव घेणं बंद करा, त्याने त्याचंच नुकसान होतं. त्याच्या गोलांचा मोठा हिस्सा सॅफ (दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा), नेहरू कप आणि असल्या आमंत्रणाच्या स्पर्धांमधला आहे. आशियातल्या मोठ्या टीमसमोर आपण कायम हरलो आणि तोही त्यातच होता. २०२३ चा एशियन कप (जो २०२४ च्या जानेवारीत कतारला झाला) त्यात तीन मॅच, तीन हार, टीमचा एकही गोल नाही. आणि २०२५ मध्ये परत आणला तर काय मिळालं? शिलाँगला मालदीवविरुद्ध गोल झाला, ती मैत्रीपूर्ण मॅच. खरी क्वालिफायर सुरू झाल्यावर बांगलादेश ०-०, हाँगकाँगला ०-१, सिंगापूरला १-१ आणि मग गोव्यात फातोर्ड्यावर, घरच्या मैदानात सिंगापूरकडूनच १-२. चार मॅचमध्ये टीमचे गोल दोन, त्यातला एकही छेत्रीचा नाही, २०२७ चा एशियन कप गेला. ४१ वर्षांच्या माणसावर ही वेळ आणणाऱ्यांना विचारलं पाहिजे की चाळिशीपर्यंत दुसरा स्ट्रायकर का तयार झाला नाही.

शाहू_स्टेडियम_कोल्हापूर

सरळ_बोलतो भावा, शेवटचं वाक्य शंभर टक्के बरोबर हाय, त्याआधीचं मात्र मला पटत नाही, का ते सांगतो.

आमच्यात तालमींची फुटबॉल मॅच असली की पेठच्या पेठ स्टेडियमवर असते, लहानपणापासून तेच बघत आलोय, त्यामुळं एक गोष्ट डोक्यात पक्की हाय, लहान टीमविरुद्ध गोल मारणं सोपं असतं हे फक्त बाहेरून बघणारा म्हणतो. दहा जण बॉक्समध्ये उभे राहिले की भल्या भल्या स्ट्रायकरला जागा गावत नाही. आणि भारत काय ब्राझील होता का, की समोरचा आपल्याला बघून घाबरल? २०१५ च्या मार्चला आपलं रँकिंग १७३ होतं! १७३ नंबरची टीम ज्याला लहान टीम म्हणते ती तिच्या बरोबरीचीच असते. त्या मॅच आपण एकेका गोलानं काढत होतो आणि तो गोल बहुतेक वेळा त्याचा असायचा.

आता मोठ्या मॅच म्हणालास तर सांगतो. २००५ ला क्वेट्टामध्ये पाकिस्तानविरुद्ध पहिलीच मॅच, वय २०, तिथं गोल. २००८ ला दिल्लीत एएफसी चॅलेंज कपची फायनल, ताजिकिस्तान ४-१, हॅटट्रिक, आणि त्या एका मॅचमुळं भारत १९८४ नंतर पहिल्यांदा एशियन कपला गेला. गेल्यावर २०११ ला बहरीनविरुद्ध गोल, साउथ कोरियाविरुद्ध गोल, हरलो तर दणकून हरलो पण गोल त्याचे हायत. २०१५ ला बेंगळुरूत ओमानविरुद्ध लांबून मारलेला. २०१७ ला किर्गिझस्तानविरुद्ध मैदानाच्या मधोमध बॉल घेऊन निघाला, जेजेबरोबर वन-टू केला आणि आत घातला, १-० जिंकलो. २०१९ ला अबूधाबीत थायलंड ४-१, दोन गोल, एशियन कपमधला १९६४ नंतरचा आपला पहिला विजय. २०२२ ला कोलकात्यात अफगाणिस्तानविरुद्ध शेवटच्या मिनिटांत फ्री किक. हे सगळे काय सॅफचे गोल हायत?

क्लब आणि देश यातला फरक मिडफिल्ड_पुणेंनी बरोबर ओळखला. बेंगळुरूत मध्ये परदेशी स्ट्रायकर असायचा, मिकू वगैरे, म्हणून हा डावीकडनं आत यायचा, बॅकला मागं पळून मदत करायचा, कोच सांगल ते. इंडियाकडं आला की मध्ये उभं राहायला दुसरं कोणच नाही म्हणून परत नऊ नंबरचं काम. एकच माणूस, आठवड्याच्या फरकानं दोन वेगळी कामं, ती पण पस्तिशी उलटल्यावर. आणि जो प्रश्न तू विचारलास की दुसरा का तयार झाला नाही, त्याचं उत्तर पण यातच हाय. सगळ्याच क्लबनी गोल करायचं काम परदेशी माणसाला दिलं, आपली पोरं विंगला किंवा बेंचवर. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप स्ट्रायकर म्हणून खेळला, पुढं क्लबमध्ये त्याला विंगला, बॅकला खेळावं लागलं. अशी किती पोरं असतील. यात छेत्रीचा काय दोष?

२०२६ च्या वर्ल्डकपच्या क्वालिफायरचं बघ, सहा मॅचमध्ये भारताचे तीन गोल. मनवीर, छेत्रीची पेनल्टी, छांगते. सहातल्या पाच मॅचला तो होता तेव्हाच ही अवस्था, मग तो गेल्यावर वेगळं काय होणार होतं.

सरळ_बोलतो

किर्गिझस्तान आणि ओमानचे गोल मी विसरलो नव्हतो पण हो, तुम्ही मांडलंत तसं एकत्र बघितलं नव्हतं. परत आणण्याबद्दल मात्र माझं मत कायम आहे. ६ जून २०२४ ला सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्ध ०-० नंतर त्या माणसाला निरोप मिळाला होता, तो तसाच राहायला हवा होता.

फातोर्डा_ईस्ट_स्टँड

त्यावर एकच सांगतो. २०२४ हे पूर्ण वर्ष भारताने एकही मॅच जिंकली नव्हती, आणि त्याच आयएसएल सिझनमध्ये हा चाळिशीचा माणूस बेंगळुरूसाठी १४ गोल करत होता, सगळ्या भारतीयांमध्ये जास्त. कोच म्हणून तुम्ही कोणाला बोलावलं असतं? तेव्हाचे कोच मनोलो मार्केझ यांनी फॉर्म बघून बोलावलं, भावनेने नाही. सिंगापूरविरुद्ध मी फातोर्ड्याला होतो, छांगतेने सुंदर गोल करून पुढे नेलं आणि मग आपण ते घालवलं. ते मिडफिल्डमध्ये आणि मागे घालवलं, पुढे नाही. घरी जाताना कोणी कोणाशी बोलत नव्हतं एवढं वाईट वाटलं.

मिडफिल्ड_पुणे

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः कोल्हापूरकर. बालेवाडीची हॅटट्रिक मला खरंच माहीत नव्हती, आमच्याच गावात झालेली! आता एक शेवटचं सांगा, क्लबच्या मॅचमधल्या कोणत्या बघू? इंडियाच्या बऱ्यापैकी कळल्या.

अंधेरी_लोकल

सगळ्यात आधी २०१६ ची एएफसी कपची (आशियातल्या क्लबची स्पर्धा) सेमीफायनल, बेंगळुरूच्या कंठीरवावर मलेशियाच्या जोहोरविरुद्ध. जोहोर आदल्या वर्षीचे विजेते. पहिला गोल त्यांनी मारला, मग छेत्रीने दोन केले, दुसरा तर बॉक्सच्या बाहेरून, ३-१. पहिल्यांदाच भारतीय क्लब त्या फायनलला गेला. फायनल दोह्यात इराकच्या एअरफोर्स क्लबकडून ०-१ हरले, ती पण बघा.

मग २०१५ ची मुंबई सिटीची नॉर्थईस्टविरुद्धची मॅच, आयएसएलमध्ये भारतीयाची पहिली हॅटट्रिक तीच. २०१९ ची आयएसएल फायनल आमच्या अंधेरीतच झाली, बेंगळुरू आणि गोवा, एक्स्ट्रा टाइममध्ये आपल्या राहुल भेकेच्या हेडरने १-०. छेत्रीचा गोल नाही त्यात, पण कॅप्टन म्हणून कसा वावरतो ते बघण्यासाठी बघा. आणि मार्च २०२३ चा केरळा ब्लास्टर्सचा प्लेऑफ, समोर खेळाडूंची भिंत लागायच्या आधीच त्याने फ्री किक मारून टाकली आणि केरळाची टीम मैदान सोडून निघून गेली. त्या गोलवरून भांडायचं असेल तर नवीन धागा काढा, मी येतो.

शाहू_स्टेडियम_कोल्हापूर

काढाच. रेफ्रीनं दिला म्हणजे गोल हाय, माझं आधीच सांगून ठेवतो.