फोर्टातल्या हॉटेलचे सीफूड हक्का नूडल्स आणि बटर-गार्लिक चिंबोरी घरी जमवायची आहे, सल्ला द्या

अनुजा_गिरगाव

नमस्कार मंडळी.

आम्ही गिरगावात चाळीत राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरकडे जायचं असलं तरच ती खाली उतरते. कसली तक्रार करत नाही, पण एका गोष्टीची आठवण सारखी काढते. फोर्टात एक हॉटेल आहे. पगार झाला की पहिल्या शनिवारी बाबा तिला तिथे न्यायचे. बाबा गेल्यावर मी नेऊ लागले. ऑर्डर कधीच बदलली नाही: बटर-गार्लिकमधली एक मोठी चिंबोरी, मिक्स सीफूड हक्का नूडल्स, आणि कुणी सोबत असलं तर आलं-सोया घातलेला वाफवलेला मासा.

पार्सल आणून पाहिलं. घर जवळ असूनही डब्यातल्या वाफेने नूडल्सचा गोळा होतो आणि चिंबोरीवरचं लोणी थिजतं. आई दोन घास खाते आणि "छान आहे" म्हणते. ते तिचं छान नव्हे, हे मला कळतं.

म्हणून घरी दोनदा करून पाहिलं. नूडल्सचा लगदा झाला, भाज्यांना पाणी सुटलं, कोलंबी रबरासारखी झाली आणि लसूण कडवट लागला. सॉस चांगले आणले होते, मोजूनही घातले होते. माझं नेमकं कुठे चुकतंय?

श्रावण लागला की आई मासे खात नाही, त्यामुळे माझ्याकडे तीनेक आठवडे आहेत. तिला बीपीही आहे. कृपया सविस्तर सांगा.

कढईकाठी

अनुजाताई, मी बारा वर्षं दक्षिण मुंबईतल्या एका चायनीज किचनमध्ये भट्टीवर उभा होतो. तुमचे सॉस बरोबरच असणार. हॉटेलची चव सगळे बाटलीत शोधतात, पण ती असते पाणी आणि आच यांच्या हिशेबात.

घरचा मोठा बर्नर साधारण अडीच-तीन किलोवॅटचा असतो. आमच्या हॉटेलातल्या भट्टीचा वीसच्या पुढे. त्यामुळे आम्ही कढईत काहीही टाकलं तरी सुटलेलं पाणी तिथल्या तिथे उडून जायचं. तुमच्या गॅसवर ते साचतं, आणि मग भाज्या नि नूडल्स परतले न जाता शिजत बसतात. ज्वाला वाढवणं आपल्या हातात नाही, तेव्हा पाणी कमी करायचं आणि एका वेळी एकच प्लेट करायची. चार माणसं असतील तर कढई चार वेळा चढवा. दोन प्लेटचा माल एकदम टाकलात की तुमचा मागचाच अनुभव परत येणार.

नूडल्स आदल्या रात्रीच उकडून ठेवा. एगवाले मिळाले तर तेच घ्या. भरपूर पाणी, थोडं मीठ, आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी उतरवायचे. लगेच थंड पाण्याखाली धरून वरचा पिठूळपणा जाऊ द्या, पूर्ण निथळा, चमचाभर तेल चोळा आणि ताटात पसरा. एरवी पंख्याखाली सुकतात, पण या दिवसांत मुंबईत पंख्याखाली रुमालसुद्धा वाळत नाही. म्हणून ताट न झाकता फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजची हवा कोरडी असते. सकाळी बोट लावलं तर नूडल चिकटायला नको. एवढं जमलं की निम्मं काम झालं.

कोलंबीला सोडा लागतो. पाव किलो सोललेल्या कोलंबीला पाव चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ चोळून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची, मग वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवायची. सोड्यामुळे ती घट्ट आखडत नाही, चावताना कुरकुरीत लागते. नंतर फडक्याने अगदी कोरडी करा. त्यावर थोडं अंड्याचं पांढरं, चमचाभर कॉर्नफ्लॉर आणि पांढरी मिरी.

माकुळ वापरणार असाल तर आतल्या बाजूने तिरक्या चिरा द्या आणि उकळत्या पाण्यात अर्धं मिनिट बुडवून काढा. माकुळ एक तर दोन मिनिटांच्या आत मऊ असतं, नाही तर अर्धा-पाऊण तास शिजल्यावर. मधल्या वेळात ते चामडं असतं.

आता कढई. लोखंडी घ्या, नॉनस्टिक नको, इतक्या तापमानाला तो थर खराब होतो. धूर निघेपर्यंत तापवा, मग तेल. कोलंबी-माकुळ मिनिटभर परतून बाहेर काढा. कढई पुसून पुन्हा तापवा. लसूण, लगेच कांदा, गाजर, कोबी, सिमला मिरची, अर्धं मिनिट, की तेही बाहेर. आता फक्त नूडल्स टाका आणि तीस सेकंद हात लावू नका. तळाला किंचित करपू द्या, तो धुरकट वास तिथूनच येतो. मग सगळं एकत्र करा. सोया सॉस नूडल्सवर नाही ओतायचा, कढईच्या कडेने सोडायचा. तो लोखंडावर चरचरला पाहिजे. हलका सोया चवीला, गडद फक्त रंगाला, अर्ध्या चमच्याहून कमी. पांढरी मिरी, पातीचा कांदा, गॅस बंद.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, म्हणजे या पदार्थांची भीती वाटणार नाही. चिकन मंचुरियन नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईतच, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या किचनमध्ये पहिल्यांदा केलं असं मानतात. आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपलंच, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि वर कॉर्नफ्लॉर. तुमच्या हाताला हे सगळं ओळखीचं आहे.

मंदार_मुलुंड

वरचं सगळं पटलं, एक भर घालतो. बहुतेक चायनीज किचनमध्ये अजिनोमोटो असतंच. ते नसेल तर 'काहीतरी कमी आहे' असं वाटत राहतं.

अनुजा_गिरगाव

कढईकाठी, तुमचा प्रतिसाद छापून ओट्यावर चिकटवला आहे. मनापासून आभार.

मंदार, अजिनोमोटोचं बीपीमुळे धाडस होत नाही. आणि चिंबोरी? या दिवसांत चांगली मिळेल का?

कढईकाठी

बीपीचा संबंध सोडियमशी आहे. वजनाला वजन धरलं तर अजिनोमोटोत मिठाच्या साधारण एक तृतीयांश सोडियम असतं. खरा खारटपणा सोया, ऑयस्टर सॉस आणि अमूल बटर यांतून येतो. तेव्हा वरून मीठ अजिबात घालू नका, लोणी बिनमिठाचं घ्या आणि अजिनोमोटो चिमूटभरच. तरी आईंच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

वरळीची_लेक

अनुजा, चिंबोरीचं मी सांगते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. त्यामुळे आत्ता ताजं म्हणून जे पापलेट दाखवतील ते बहुधा बर्फातलं असतं. चिंबोरीचं तसं नाही. हॉटेलात मिळते ती मोठी काळी चिंबोरी खाडीतली, खाजणातली. ती पावसाळ्यातही जिवंत मिळते.

क्रॉफर्ड मार्केट तुला जवळ आहे. सकाळी लवकर जा. मावशीकडे नांग्या बांधलेली, डोळे हलवणारी चिंबोरी माग. हातात घेऊन बघ, आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. हलकी असेल तर आत पाणीच. पोटाखालचं झाकण अरुंद त्रिकोणी असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी. मांस हवं तर नर घे, नांग्या मोठ्या असतात. लाख, म्हणजे आतली केशरी अंडी, हवी तर मादी. आमच्याकडे म्हणतात, अवसेला चिंबोरी भरलेली असते. म्हणून माझी आजी पौर्णिमेच्या आसपास घेत नसे.

साफ करून मागायला लाजू नकोस. मावशी दोन मिनिटांत करून देते. नांग्या मात्र बत्त्याने हलक्या फोडून घे, नाहीतर लोणी आत जात नाही आणि आईला दातांनी फोडत बसावं लागेल. बर्फ घालून घरी आण आणि त्याच दिवशी कर.

कोलंबी आत्ता तळ्यातली मिळेल, वनामी म्हणतात ती. नूडल्समध्ये चांगली लागते. वाट्याने घेताना डोकं धडाला घट्ट चिकटलेलं आहे ना ते बघ. डोकं लोंबत असेल तर सोड.

कढईकाठी

चिंबोरीत तुमचा लसूण कडवट झाला, कारण तो तापलेल्या लोण्यात पडला. लोण्यातला दुधाचा भाग आधी जळतो, त्याच्याबरोबर लसूणही. पाचशे-सहाशे ग्रॅमची चिंबोरी दहा-बारा मिनिटं वाफवा आणि ताटलीत सुटलेलं पाणी जपून ठेवा. वीस पाकळ्या लसूण बारीक चिरा, ठेचायचा नाही. दोन चमचे तेल आणि चमचाभर लोण्यात, अगदी मंद आचेवर, फिकट सोनेरी होईपर्यंत परता. पाच-सहा मिनिटं लागतात, तोवर तिथून हलू नका. मग जाडसर कुटलेली काळी मिरी मोठा चमचाभर, ते राखलेलं पाणी चार चमचे, आणि चिंबोरी. शेवटी गॅस बंद करून पन्नास ग्रॅम थंड लोण्याचे तुकडे घालत कढई हलवत राहा. लोणी वितळून वेगळं न होता सॉसला धरून राहतं. तुम्हाला आठवतो तो चकचकीत लेप हाच.

सुलभा_दादर

वाफवलेल्या माशाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. त्यासाठी वेगळं भांडं घेऊ नको, मोदकपात्र उत्तम. फक्त गणपतीच्या मोदकांचं असेल ते वापरू नको, माशासाठी दुसरं ठेव. पापलेटऐवजी रायगडकडच्या तळ्यातला जिताडा मिळाला तर बघ, पण लहान, अर्ध्या किलोच्या आतला. खोलगट ताटलीत आल्याच्या चकत्यांवर मासा ठेवायचा. पाणी खळखळ उकळल्यावरच आत, नऊ-दहा मिनिटं. ताटलीत जमलेलं पाणी फेकून दे, त्यातच हिवस वास असतो. वर आलं आणि पातीच्या कांद्याच्या बारीक काड्या, त्यावर कडकडीत तेल, मग कडेने चमचाभर सोया. मीठ कुठेही नाही.

अनुजा_गिरगाव

काल केलं. सांगितल्याबरहुकूम, एक-एक प्लेट.

पहिल्या प्लेटला घाई झाली. कढई पुरेशी तापली नव्हती, नूडल्स तळाला चिकटले. ती मी खाल्ली. दुसरीच्या वेळी धूर येईपर्यंत थांबले, घरभर धूर झाला, शेजारच्या काकू विचारायला आल्या. सोया कडेने सोडला तेव्हा जो वास उठला, त्यानेच आई काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आली. काही बोलली नाही. स्टूल ओढून तिथेच बसली आणि ताटली हातात घेऊन खायला लागली. पातीच्या कांद्याचं एक पानही उरवलं नाही.

चिंबोरी हॉटेलसारखी नाही झाली. त्यांची मिरी जास्त झणझणीत असते आणि माझा सॉस थोडा पातळ राहिला. पण लसूण गोड लागत होता. बाबांना नांग्या आवडायच्या म्हणून आई आजवर त्या बाजूला काढून ठेवायची. काल दोन्ही तिने खाल्ल्या. जिताडा मिळाला नाही, मासा पुढच्या खेपेला.

सॉस पातळ का झाला असेल?

कढईकाठी

वाफेचं पाणी जास्त पडलं असेल. ते आधी निम्मं आटवून घ्या, मग चार चमचे. मिरी आयत्या वेळी खलबत्त्यात कुटा, आणि निम्मी अगदी शेवटी, लोण्याबरोबर घाला. आणि चिंबोरीची कवचं टाकू नका. पातीच्या मुळांसोबत वीस मिनिटं उकळा. त्या पाण्याचं सूप आईंना चालेल.

अनुजा_गिरगाव

कवचं फ्रीजरमध्येच आहेत, आज सूप करते.

वरळीची_लेक, आई आत्ताच विचारत होती, दिव्यांच्या अवसेला चिंबोऱ्या आणणार ना. तुमच्याकडच्या कुणाला दोन सांगून ठेवशील का? एक नर, एक मादी.

वरळीची_लेक

सांगितलं. सकाळी साताच्या आत ये, मावशी आठनंतर थांबत नाही.